ठेका दिला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही

बांधकामाचा ठेका दिला की सुरक्षिततेची सगळी जबाबदारी ठेकेदाराची, असा समज ब्रिटनमध्ये घरे-दुकाने असलेल्या आपल्या मंडळींत वर्षानुवर्षे चालत आला आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ६ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या बांधकाम सुरक्षा नियमांनुसार तो चुकीचा आहे.

स्वतःच्या राहत्या घराचे काम असेल, तर मालकाची कर्तव्ये सहसा ठेकेदाराकडे जातात. समजाचे मूळ बहुधा इथेच असावे. मात्र भाड्याने दिलेले घर, दुकान, इतकेच नव्हे तर नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाचे सभागृहसुद्धा या नियमांत व्यावसायिक काम ठरते. एकाहून अधिक ठेकेदार असतील, तर अशा मालकाने प्रमुख संकल्पक (आखणीच्या टप्प्यातील सुरक्षितता पाहणारा) आणि प्रमुख ठेकेदार (प्रत्यक्ष कामाच्या टप्प्यातील सुरक्षितता पाहणारा) लेखी नेमायचे असतात, आणि न नेमल्यास त्या दोघांची कर्तव्ये त्याच्याच अंगावर येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. काम सुरू होण्याआधी सुरक्षा आराखडा तयार आहे आणि कामगारांसाठी शौचालयाची सोय आहे, याची खातरजमाही त्यानेच करायची. जुन्या छतातील ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची माहिती मालकाने दिली नाही, तर त्याचे तंतू छत फोडणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात जातात, आणि आजार कित्येक वर्षांनी उघड होतो.