डायइथिलीन ग्लायकॉल: औषधाच्या बाटलीत शिरणारे विष

मेंदूत किंवा डोळ्यात वाढलेला दाब उतरवण्यासाठी रुग्णाला तोंडावाटे ग्लिसरीन देणे हा एके काळी रुग्णालयांतला नित्याचा उपचार होता. १९८६ साली, वर्षाच्या सुरुवातीला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जण दगावले. ज्या आजारासाठी हे रुग्ण दाखल झाले होते, त्याचा मूत्रपिंडांशी काही संबंध नव्हता. तपासणीत त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मोठ्या प्रमाणात मिसळलेले आढळले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या मृत्यूंची चौकशी केली आणि खरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंतच्या साऱ्या साखळीतला हलगर्जीपणा व भ्रष्टाचार उघड केला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या घटनेत नवीन असे काहीच नव्हते. या पदार्थाची विषारी करणी जगाला ४९ वर्षे आधीच ठाऊक झालेली होती.

डायइथिलीन ग्लायकॉल हे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढ्या तीनच मूलद्रव्यांचे बनलेले साधे सेंद्रिय संयुग आहे. इथिलीन ग्लायकॉलचे दोन रेणू एका ऑक्सिजन अणूच्या दुव्याने जोडले गेले की ते तयार होते. पॉलिएस्टरच्या उद्योगाला लागणारे इथिलीन ग्लायकॉल कारखान्यात बनवताना तेही जोडीने निघतेच, त्यामुळे ते मुबलक आणि स्वस्त मिळते. रंग नाही, वास जवळजवळ नाही, पोत दाटसर, चव गोड, पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळणारे आणि हवेतला ओलावा शोषून घेणारे असे हे द्रव साधारण २४५ अंश सेल्सिअसला उकळते. वाहनांचे ब्रेक ऑइल, रेझिने, शाई, रंग, वंगणे अशा अनेक ठिकाणी ते उपयोगी पडते आणि तिथे त्याच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. संकट उभे राहते ते दिसण्यातल्या साम्यामुळे. पातळ औषधांत वापरले जाणारे ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल आणि हे द्रव शेजारी शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांनी, नाकाने वा जिभेने ओळखता येत नाही. वजनात फरक आहे खरा. एक लिटर शुद्ध ग्लिसरीन सुमारे १.२६ किलो भरते, तर एक लिटर डायइथिलीन ग्लायकॉल सुमारे १.१२ किलो. पण दोन्हींचे मिश्रण असेल किंवा त्यात पाणी असेल, तर अशा ढोबळ मापाचा भरवसा धरता येत नाही.

औषधाच्या सायरपमध्ये या द्रवांची गरज का पडते, हेही समजून घ्यायला हवे. पॅरासिटामॉलसारखी औषधे पाण्यात पुरेशी विरघळत नाहीत. लहान मुलांना गोळी गिळता येत नसल्याने औषध पातळ स्वरूपात द्यावे लागते आणि मग ते विरघळवून ठेवणारा, गोडसर व निर्धोक द्रावक लागतो. औषधी दर्जाचे ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल महाग पडते. कारखान्यात आलेल्या पिंपात प्रत्यक्षात काय आहे याची चाचणी न करता केवळ त्यावरच्या लेबलावर विश्वास ठेवला, तर व्यापाराच्या साखळीत कुठेतरी झालेली भेसळ किंवा अदलाबदल थेट मुलाच्या चमच्यात उतरते.

शरीरात गेल्यावर पुढे जे घडते ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. पोटातून हे द्रव झपाट्याने रक्तात शोषले जाते. यकृतातली जी विकरे (एन्झाइम्स) मद्याचे विघटन करतात, तीच याच्यावरही काम करू लागतात आणि टप्प्याटप्प्याने त्याचे आम्लांत रूपांतर होते. त्यांपैकी डायग्लायकॉलिक आम्ल हे मूत्रपिंडाचा खरा घात करते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. मूत्रपिंडात रक्त गाळले गेल्यानंतर उपयुक्त पदार्थ परत शोषून घेणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. ऊर्जानिर्मितीला लागणारी सक्सिनेटसारखी आम्ले आत ओढून घेणारी प्रथिने या नलिकांच्या पेशींवर असतात. डायग्लायकॉलिक आम्लाची ठेवण त्या आम्लांशी मिळतीजुळती असल्यामुळे ही प्रथिने फसतात आणि चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात तसे त्याला आत घेतात. बाहेर पडण्याची वाट मात्र त्याला सहज मिळत नाही. पेशीत त्याचा साठा रक्तातल्यापेक्षा कितीतरी वाढतो, मायटोकॉन्ड्रियातले ऊर्जानिर्मितीचे काम अडते आणि नलिकांच्या पेशी मरू लागतात.

लक्षणे उमटतात ती या घडामोडींच्या क्रमाने. आरंभी मळमळ, उलटी, पोटदुखी आणि गुंगी दिसते. आधीच सर्दी-तापाने आजारी असलेल्या मुलात ही चिन्हे मूळ आजाराचीच वाटतात आणि तेच औषध पुढे चालू राहते, ही यातली सर्वांत क्रूर गोष्ट आहे. साधारण एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा पूर्ण थांबते, रक्तातली आम्लता वाढते, अंगावर सूज येते. त्यातून जे वाचतात, त्यांच्यापैकी काहींना पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत चेहऱ्याच्या स्नायूंचा व हातापायांचा पक्षाघात होतो. प्रौढ माणसासाठी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक मिलिलिटर ही मात्रा घातक मानली जाते, पण त्याहून बऱ्याच कमी मात्रेनेही मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. दहा किलोच्या बाळाचा हिशेब मांडला, की दिवसातून तीन-चार वेळा चमचाभर दिलेले दूषित औषध किती झपाट्याने धोक्याच्या पातळीला पोहोचते ते ध्यानात येते.

जगाला हे पहिल्यांदा कळले ते १९३७ साली अमेरिकेत. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध पातळ स्वरूपात विकण्यासाठी टेनेसीतल्या एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले आणि त्याला रासबेरीचा स्वाद दिला. चव, रंग, वास सारे तपासले. विषारीपणा तपासला नाही, कारण तसे करण्याचे कायद्याचे बंधनच नव्हते. या औषधाने १०५ जणांचा बळी घेतला, त्यांत ३४ मुले होती. सरकारी निरीक्षकांनी दुकाने, दवाखाने आणि घरे पालथी घालून उरलेल्या बाटल्या गोळा केल्या, आणि पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेत झाला.

त्यानंतरही बांगलादेश, हैती, पनामा, गांबिया, उझबेकिस्तान अशी ही यादी लांबत गेली. गांबिया आणि उझबेकिस्तान येथे संशयाची सुई भारतात बनलेल्या सायरपांकडे वळली. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने २०हून अधिक बालके मृत्युमुखी पडली. जवळचे मोठे शहर म्हणून त्यांतल्या अनेक अत्यवस्थ मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले गेले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या सायरपच्या नमुन्यात सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. औषधी ग्लिसरीनमध्ये त्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे जवळपास अर्धी बाटली विषाची होती. एवढे प्रमाण ओळखण्यासाठी कोणत्याही दुर्मीळ उपकरणाची गरज नसते. मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी गॅस क्रोमॅटोग्राफी ही औषध उद्योगातली रोजच्या वापरातली पद्धत आहे, आणि तीही नसेल तर पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची स्वस्त चाचणी उपलब्ध आहे. म्हणूनच या मृत्यूंना अपघात म्हणणे मला पटत नाही.

विषबाधा लवकर ओळखली तर उपचार आहेत. फोमेपिझोल किंवा, ते नसल्यास, इथेनॉल देऊन यकृतातल्या विकराला अडवता येते, म्हणजे घातक आम्ले तयार होण्याचे थांबते. शरीरातले उरलेले द्रव आणि आम्ले डायलिसिसने काढून टाकता येतात. नलिकांच्या पेशी एकदा मेल्या, की मात्र या उपायांचा प्रभाव फार थोडा उरतो. चार वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची काही मिश्र औषधे देऊ नयेत, अशी सूचना देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच दिली होती, आणि बहुतेक मुलांचा साधा खोकला औषधाविना बराही होतो. कोणतेही सायरप सुरू असताना मुलाची लघवी लक्षात येण्याइतकी कमी झाली, उलट्या वाढल्या किंवा गुंगी येऊ लागली, तर औषध तत्काळ थांबवून मूल मोठ्या रुग्णालयात न्यावे. औषधाची बाटली फेकून न देता सोबत न्यावी. उरलेल्या औषधाची चाचणी करता येते, आणि बाटलीवरच्या बॅच क्रमांकामुळे त्याच बॅचमधला बाकीचा माल दुकानांतून परत मागवता येतो.