फ्लायव्हीलवरचे निळे डाग

जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचपर्यंत नुसते पोहोचणे हेच मोठे काम असते. फोर्डसन ट्रॅक्टर 1917 मध्ये मोठ्या संख्येने तयार होऊ लागला तेव्हा त्याला वेगळी चौकट नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची बिडाची घरे एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा केलेला होता. पुढे ही रचना बहुतेक कारखान्यांनी स्वीकारली, आणि म्हणूनच क्लच काढायचा तर ट्रॅक्टर कमरेतून सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. पुढचा आस मधल्या एकाच पिनवर डोलत असल्यामुळे सुटा झालेला पुढचा भाग कुशीवर कलंडू शकतो. तेव्हा आस आणि इंजिन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोकल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये.

दोन भाग दूर सरकवून, प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरणाऱ्या तबकडीचे) बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल केले, की आतली क्लच प्लेट हातात येते. तिच्यावरची काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण त्या काळच्या लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या अस्तरात, सर्रास फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असे. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. प्लेट झिजलेली आहे हे पाहताक्षणी कळते, म्हणून नवी प्लेट बसवून ट्रॅक्टर पुन्हा जोडण्याचा मोह होतो. ही बचत माझ्या मते फार महागात पडते, कारण प्लेट ज्याच्यावर घासते ते फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, हीसुद्धा क्लचचीच एक बाजू आहे.

फ्लायव्हीलचे मूळ काम मात्र ऊर्जा साठवण्याचे आहे. फोर-स्ट्रोक इंजिनातला प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमध्ये एकदाच जोर लावतो. जॉन डिअर मॉडेल डी या 1923 ते 1953 या काळात तयार झालेल्या दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरमध्ये तर एका जोरानंतर दुसरा अर्ध्या फेरीत येतो आणि त्यापुढच्यासाठी दीड फेरी वाट पाहावी लागते. ही तूट बाहेर उघड्यावर बसवलेले ते अवजड चाक भरून काढते. (सुरुवातीला इंजिन चालू करायलाही तेच चाक हाताने फिरवत.) समजा, फ्लायव्हील 40 किलोचे आहे, त्याचे वजन केंद्रापासून सरासरी 15 सेंटिमीटरवर एकवटले आहे आणि ते मिनिटाला 1500 फेऱ्या घेत आहे, तर त्यात सुमारे 11 किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे एक टन वजन मीटरभराहून थोडे अधिक उचलता येईल इतकी.

पेडलवरचा पाय उचलताना फिरते इंजिन आणि उभा ट्रॅक्टर यांची गाठ पडते. क्लचच्या दोन्ही बाजूंवर फिरवण्याचा जोर सारखाच असतो, पण इंजिनाची बाजू पूर्ण वेगाने फिरत असताना दुसरी बाजू शून्यापासून त्या वेगापर्यंत चढते, म्हणजे सरासरी निम्म्या वेगाने फिरते. त्यामुळे इंजिनाने या काळात दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी उष्णता होऊन क्लचमध्येच राहते. पाय कितीही हळुवार उचलला तरी हे प्रमाण बदलत नाही, आणि मागे नांगर लावलेला असेल तर एकूण उष्णता वाढतेच.

ही उष्णता क्षणभराची असते. खरे नुकसान होते ते सतत घसरणाऱ्या क्लचमुळे. स्प्रिंगांचा दाब 5000 न्यूटन, प्लेटची सरासरी त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटर आणि घर्षणाचा गुणांक 0.35 धरला, तर दोन्ही बाजू मिळून क्लच सुमारे 330 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलतो. 25 अश्वशक्तीचे इंजिन 1500 फेऱ्यांना 120 च्या आसपासच टॉर्क देते. पण क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून तेल झिरपून गुणांक 0.1 वर आला, की तोच क्लच 95 न्यूटन-मीटरवर हार मानतो. म्हणूनच सील गळत असताना घातलेली नवी प्लेटही फार दिवस टिकत नाही.

या घसरणीची नोंद फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर उमटते. निळसर डाग म्हणजे तिथला भाग 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापून ऑक्साइडचा पातळ थर जमला होता. केसासारख्या बारीक भेगा त्याहून तीव्र तापण्याच्या खुणा आहेत. एखादा ठिपका 700 अंशांच्याही वर गेला आणि मागच्या जाड बिडाने त्याची उष्णता झटकन शोषून घेतली, तर तिथे पाणी दिलेल्या पोलादासारखा कठीण डाग तयार होतो. लेथवर हत्यार अशा डागावरून उसळते आणि तो उंचवट्यासारखा शिल्लक राहतो, म्हणून लेथपेक्षा ग्राइंडिंग बरे. त्यातही प्रेशर प्लेट जिथे बसते ती कड पायरीसारखी असेल तर तीही तेवढीच उतरवावी लागते, नाहीतर स्प्रिंगांचा दाब बदलतो. खोल भेगा असलेले चाक पुन्हा वापरू नये.

चाक बाहेर आहे तोवर स्टार्टरची दात्यांची कडीही पाहून घ्यावी. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुधा त्याच दोन जागी थांबते, त्यामुळे दाते समोरासमोरच्या दोनच पट्ट्यांत झिजलेले आढळतात. 300 मिलिमीटर व्यासाची पोलादी कडी 200 अंशांनी तापवली की सुमारे 0.7 मिलिमीटर फुगते आणि सुटी होते; ती पाव फेरी फिरवून बसवली की न झिजलेले दाते स्टार्टरसमोर येतात. तापवताना दाते निळे पडू देऊ नयेत, त्यांची कठीणता उतरते.

जोडणीनंतर पेडलला मोकळी चाल ठेवावी लागते. लायनिंग झिजले की ही चाल वाढेल असे वाटते, प्रत्यक्षात ती कमी होते: प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते तसे तिचे फिंगर (तिला मागे ओढणाऱ्या तरफा) उलट रिलीज बेअरिंगकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे, येतात, आणि एकदा ते टेकले की स्प्रिंगांचा काही दाब कायमचा उचलला जाऊन घसरण सुरू होते. ट्रॅक्टर अनेक महिने उभा राहणार असेल, तर पेडल दाबून त्याला लाकडाचा ठोकळा लावून ठेवावा, म्हणजे गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसत नाही.