मोठा हॉल, मोठा आवाज आणि समोरचे तीन स्पीकर

नागपुरात अजूनही प्लॉट घेऊन स्वतःचं घर बांधणारी माणसं पुष्कळ आहेत. बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड या बाजूच्या लेआउटमध्ये वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल मोकळा ठेवायचा आणि हाताशी पैसा आला की तिथे होम थिएटर करायचं, हा बेत बऱ्याच जणांच्या मनात पाया खणतानाच असतो. असा हॉल ३० फूट लांब, १८ फूट रुंद आणि ११ फूट उंच असला, तर त्यात सुमारे १६८ घनमीटर हवा मावते. दुकानातल्या छोट्याशा डेमो रूममध्ये छाती हलवणारा स्पीकर इथे आणून लावला की एकदम पातळ वाटतो. मग संवाद कळेपर्यंत आवाज वाढवला जातो, आणि पुढच्याच मारामारीच्या दृश्यात स्पीकर किंचाळायला लागतो. असं का होतं आणि डावा, उजवा व मधला असे समोरचे तीन स्पीकर निवडताना काय पाहायचं, याचं उत्तर भौतिकशास्त्र फार स्वच्छपणे देतं. शाळेतलं लॉगॅरिदम तेवढं थोडं आठवावं लागेल.

नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, किती वॉटचा आहे?" हे विचारायला बाजारानंच आपल्याला शिकवलं. एके काळी म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॉटचे आकडे छापलेले असत आणि ते मोजायची एकच अशी कुठली सर्वमान्य रीत नव्हती. ते आकडे मागे पडले, सवय मात्र राहिली. स्पीकरच्या मागच्या पट्टीवरचे वॉट म्हणजे तो किती वीज सोसेल याचा अंदाज. त्या विजेतून तो आवाज किती काढेल, हे सांगणारा आकडा वेगळा आहे. त्याचं नाव सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला १ वॉट वीज दिली आणि १ मीटरवर मोजलं, तर किती डेसिबल भरतात ते हा आकडा सांगतो. शेल्फवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये तो साधारण ८४ ते ८८ असतो, उंच टॉवरमध्ये ८८ ते ९२, आणि हॉर्नच्या, म्हणजे भोंग्याच्या मोठ्या स्पीकरमध्ये ९५ च्याही वर जातो.

८६ आणि ९२ मध्ये फरक सहाचाच दिसतो. पण ३ डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते, ६ वाढवायचे तर चौपट, १० वाढवायचे तर दहापट. आणि एवढी दहापट वीज ओतूनही कानाला आवाज वाढलेला वाटतो तो साधारण दुपटीनंच.

आता आपल्या हॉलचाच हिशेब मांडू. सोफा पडद्यापासून १५ फुटांवर, म्हणजे साडेचार मीटरवर आहे. सिनेमागृहात जी पातळी प्रमाण मानतात, तिच्यानुसार समोरच्या प्रत्येक चॅनलला, म्हणजे एकेका स्पीकरला जाणाऱ्या आवाजाच्या वाटेला, प्रेक्षकाच्या कानापाशी क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जाता आलं पाहिजे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, त्यामुळे साडेचार मीटरवर जाईपर्यंत १३ डेसिबल गळतात. बंद खोलीत भिंती त्यातले काही परत देतात, म्हणून गळती १० धरू. याचा अर्थ, स्पीकरपासून १ मीटरवर ११५ डेसिबल निघायला हवेत. स्पीकर ८६ चा असेल तर १ वॉटच्या वर आणखी २९ डेसिबल चढायचे आहेत. त्याला सुमारे ८०० वॉट लागतील. ९२ चा असेल तर २०० वॉट. ९८ चा असेल तर ५०. हॉल तोच, सोफा तोच, सिनेमाही तोच.

हे ८०० वॉट आणायचे कुठून? सगळ्या स्पीकरना वीज पुरवणाऱ्या एव्ही रिसीव्हरवर लिहिलेले १०० वॉट बहुतेक वेळा दोनच चॅनल चालू असतानाचे असतात; सगळे चॅनल एकदम कामाला लागले की वाट्याला कमी येतात. शिवाय छोटा स्पीकर स्वतः ८०० वॉट सोसणारही नाही. पूर्ण १०० वॉट मिळाले असं धरलं, तरी तो सोफ्यापर्यंत ९६ डेसिबलच पोचवेल. घरी सिनेमागृहाइतक्या पातळीवर सहसा कुणी ऐकत नाही, हे खरं आहे. १० डेसिबल खाली ऐकलं तर हेच आकडे ८०, २० आणि ५ वॉट होतात आणि जवळपास कुठलाही बरा स्पीकर चालून जातो. पण ज्याला खरोखर मोठा आवाज हवा आहे, त्यानं जास्त वॉटच्या ॲम्प्लिफायरवर पैसे घालण्याआधी जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर पाहावा, असं मी ठामपणे सांगेन.

ही सगळी वीज जाते कुठे, हा भाग मला या विषयात सगळ्यात विलक्षण वाटतो. ९२ डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेचा जेमतेम १ टक्का भाग आवाजात बदलतो. ८६ चा स्पीकर पाव टक्का. उरलेली जवळजवळ सगळी वीज व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यामागच्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यानं वाढतो. फार जोरात आणि सलग वाजवताना कॉइल २०० अंशांपर्यंत तापली, तर तिचा रोध थंड असतानाच्या मानानं ७० टक्क्यांनी वाढलेला असतो. ॲम्प्लिफायर तितकाच व्होल्टेज देत राहतो, पण तारेतून करंट कमी जातो आणि आवाज वाढवूनही वाढत नाही. याला पॉवर कॉम्प्रेशन म्हणतात. अर्ध्या तासानंतर सिनेमा सपाट वाटू लागतो, ढोलाचा ठोका ठोक्यासारखा लागत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर तेवढ्याच आवाजासाठी कमी वीज घेतो, म्हणून त्याची कॉइल गार राहते आणि ठोक्यातली धार टिकते.

दुसरी मर्यादा हवेची आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, म्हणजे ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झ वाजवायचे, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. छोटा वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा भाग, थोड्याच वेळात आपल्या हालचालीच्या टोकाला जातो आणि फाटल्यासारखा वाजतो. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम इथे लागू पडतो: लहान खोकं, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावीच लागते.

होम थिएटरमध्ये कुठली सोडायची हे सुदैवानं सोपं आहे, कारण बाससाठी सबवूफर असतो. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे वळवा. त्या पट्टीत ध्वनिलहरीची लांबी ४ मीटरहून जास्त असते आणि आवाज कुठून येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही, त्यामुळे सब कोपऱ्यात असला तरी बास सिनेमाच्या पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. समोरच्या स्पीकरवरचा सगळ्यात जड भार असा उतरला, की टॉवर ३० हर्ट्झपर्यंत उतरतो म्हणून जादा पैसे मोजायचं कारण उरत नाही. ते पैसे सबकडे वळवावेत. १६८ घनमीटरच्या हॉलला एक सब बहुधा कमीच पडतो. दोन घेतले तर बास सगळ्या आसनांवर जास्त सारखाही पसरतो.

मधल्या स्पीकरची मात्र आपल्याकडे फार हेळसांड होते. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात, आणि खरेदीत नेमका तोच टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल एवढा घेतला जातो. समोर तीन चॅनल असावेत हा विचार जुना आहे. १९३३ च्या एप्रिलमध्ये बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो डावा, मधला आणि उजवा अशा तीन वाटांनी. मधला चॅनल असला की बाजूला बसलेल्यालाही गायक मधोमधच ऐकू येतो. घरात याचा अर्थ सरळ आहे: तिन्ही स्पीकर एकाच घराण्याचे, जमलं तर अगदी एकसारखे घ्यावेत. दोन वूफर आडवे आणि मध्ये वरचे सूर काढणारा ट्विटर अशा बसक्या सेंटर स्पीकरमध्ये दोन्ही वूफरचे आवाज बाजूच्या आसनांवर थोडे मागेपुढे पोचतात आणि काही पट्ट्यांत एकमेकांना खोडतात. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजीला "काय म्हणाला तो?" असं विचारावं लागतं, ते नेहमी कानाच्या दोषामुळेच असतं असं नाही. प्रोजेक्टर असेल आणि आवाज आरपार जाऊ देणारा पडदा घेता येत असेल, तर तीन सारखे स्पीकर पडद्यामागे उभे करावेत. माझ्या मते याहून चांगली मांडणी नाही.

हॉर्नबद्दल आपल्याकडे उगाच धास्ती आहे. तोंडाभोवती दोन्ही हात धरून हाक मारली की ती लांब जाते. हॉर्नचं काम त्याच जातीचं आहे. स्पीकरमधल्या छोट्या पडद्याची हालचाल भोवतालच्या हलक्या हवेत पुरती उतरत नाही, हॉर्न ती टप्प्याटप्प्यानं रुंदावत हवेशी जुळवून देतो. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या कोपऱ्याचाच हॉर्नसारखा उपयोग करणारा स्पीकर बाजारात आणला, तेव्हा ॲम्प्लिफायर काही वॉटचेच असत आणि विजेची काटकसर ही निकड होती. आज निकड नाही, पण दुसरा फायदा आहे. चांगला हॉर्न आवाज ठरावीक कोनातच टाकतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींवर कमी आदळतो आणि संवाद स्वच्छ राहतात. वाईट हॉर्न मात्र नाकात बोलल्यासारखा वाजतो, आणि तो दोष नंतर कुठल्याही सेटिंगनं पूर्ण जात नाही.

कार्यक्रमांत आणि वरातीत वाजतात त्या जातीचे, १२ इंची वूफर आणि हॉर्न असलेले स्पीकर घरात लावावेत का, असंही विचारतात. लावावेत. त्यांची सेन्सिटिव्हिटी बऱ्याचदा ९६ ते ९८ असते आणि मोठा आवाज हेच त्यांचं रोजचं काम. दिसायला ते बोजड असतात, खोल बास देत नाहीत, आणि आतच ॲम्प्लिफायर असलेल्यांत शांत प्रसंगी बारीक सूऽऽ ऐकू येऊ शकतो. सब असेल आणि सोफा लांब असेल तर हे सगळं निभतं.

पण कितीही चांगला स्पीकर आणला, तरी उघड्याबोडक्या हॉलमध्ये तो वाया जातो. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९० च्या दशकात एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्री-रात्री जागून गाद्या आत-बाहेर करत मोजमापं घेतली आणि घुमण्याचं सूत्र शोधलं: घनफळाला ०.१६ नं गुणा, खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. आपला हॉल व्हिट्रिफाइड टाइल, प्लास्टर आणि स्लॅबचा, रिकामा असेल तर आवाज विरायला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. जाड गालिचा, कापडी सोफे, दोन भिंतींना जड पडदे आणि रॉकवूलच्या काही पाट्या लावून सरासरी शोषण तीस टक्क्यांपर्यंत नेलं, की तोच काळ अर्ध्या सेकंदाखाली येतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झिणझिण ऐकू आली, तर स्पीकरचं दुकान नंतर, पडद्यांचं आधी.

आणि नागपूरचा खास प्रश्न म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर खिडकीत घरघरतो. त्याचा पंखा आणि पाणी मिळून सगळ्या पट्ट्यांत पसरलेला आवाज करतात, आणि स, श, च, त या व्यंजनांची ओळख २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते, ती त्यात बुडते. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. 'साप' की 'शाप' हे ठरवणारा तुकडाच हरवतो. आवाज वाढवला की स्फोटही तितकेच वाढतात. थिएटरचा हॉल असेल तर तिथे कूलरऐवजी स्प्लिट एसी हाच उपाय आहे, आणि त्याची तरतूद स्पीकरच्या बजेटमध्येच धरावी.

दुकानात माहितीपत्रक वाचताना दोन ठिकाणी थांबावं. सेन्सिटिव्हिटी १ वॉटची आहे की २.८३ व्होल्टची, ते पाहावं. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, म्हणजे आकडा ३ डेसिबलनं फुगलेला. आणि 'खोलीत मोजलेली' असं लिहिलं असेल तर त्यातूनही थोडे वजा धरावेत. मग मोठ्या खोलीत, १५ फुटांवर बसून, आपल्या ओळखीच्या सिनेमातला शांत संवाद आणि मागोमाग गोंगाट असलेला प्रसंग लावायला सांगावा. आवाज वाढवत जाताना चेहरा आवळला गेला, दात आंबल्यासारखे झाले, तर तो स्पीकर दमला. दमलेला स्पीकर आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, आणि स्वच्छ स्पीकर आहे त्यापेक्षा लहान. म्हणूनच चांगल्या स्पीकरवर कानाला धोका लक्षात येत नाही: अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतात, ९४ एकच तास आणि १०० फक्त १५ मिनिटं. प्रसंगापुरते उसळणारे १०५ वेगळे, पण सरासरी ८५ च्या आत ठेवावी, आणि घरात लहान मुलं असतील तर त्याहून बरीच खाली.

शेजाऱ्यांचंही पाहावं लागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. संवाद आणि टाळ्या बंद खिडकीत बऱ्याच अडतात. बास भिंती आणि स्लॅबमधून सरळ पलीकडे जातो. रात्री दहानंतर सब ८-१० डेसिबल खाली आणला आणि समोरचे तीन होते तसेच ठेवले, तर सिनेमातला एकही शब्द जात नाही.