टेबलावरच्या शेताचे माप कुणी ठरवले?

छोट्या प्रतिकृतींतून शेत उभे करणाऱ्यांच्या गप्पांत नवा माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला मापाचा वाद निघतो. १:३२ घ्यायचे, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढे, की १:६४? ट्रॅक्टर कुठला, गोठा कुठल्या बाजूला, पाण्याची सोय काय, हे सगळे नंतर. एकदा माप धरले की माणूस पुढची दहा वर्षे त्याला बांधला जातो, कारण १:३२च्या ट्रॅक्टरमागे १:६४ची ट्रॉली जोडली तर ती काडेपेटीसारखी फरफटत जाते. गंमत अशी की ज्या मापावर एवढी भांडणे होतात ते शेतीशी संबंधित कुणीच ठरवलेले नाही. ते शिशाच्या सैनिकांवरून आले.

आधी एका शब्दाचा घोळ बाजूला सारू. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदांत ‘मॉडेल फार्म’ हा शब्द सारखा भेटतो. तिथे त्याचा अर्थ खरेखुरे, इतरांनी कित्ता गिरवावा असे शेत. मद्रासजवळ सैदापेठेला १८६५ साली सुरू झालेले शेत त्याच जातीचे. जुने दस्त चाळताना छंदाची पाळेमुळे सापडली म्हणून हरखून जाणारे लोक मी पाहिले आहेत. पुढच्याच पानावर शेणखताचा हिशेब लागतो आणि उत्साह मावळतो.

फार मागे जायचे तर इजिप्तमधल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत धान्याच्या कोठारांच्या आणि गुरांच्या मोजणीच्या लाकडी प्रतिकृती मिळाल्या आहेत. आपल्याकडे दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला खणताना दोन बैल जुंपलेला ब्राँझचा रथ सापडला, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा. पण त्या वस्तूंचा आणि आजच्या छंदाचा धागा जोडणे म्हणजे ओढूनताणून आणलेले नाते. आजच्या छंदाचा जन्म लंडनमधल्या खेळण्यांच्या कारखान्यातला.

१८९३ साली तिथे शिशाच्या मिश्रधातूचे पोकळ सैनिक ओतायची युक्ती निघाली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की आतला पातळ भाग पुन्हा बाहेर काढायचा. धातू वाचतो, वजन घटते, किंमत उतरते. या सैनिकांची उंची ५४ मिलिमीटर. ५४ला ३२ने गुणा: १७२८ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंचांचा माणूस. त्या काळी खेळण्यातल्या रेल्वेचे एक माप रुळांमध्ये ४५ मिलिमीटर अंतराचे होते. त्याला ३२ने गुणले की १४४० येतात, आणि खऱ्या ब्रिटिश रुळांतले अंतर १४३५. सैनिक आणि आगगाडी एकाच जमिनीवर शोभून दिसावेत, एवढाच त्यामागचा व्यवहार.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुलांच्या हाती पुन्हा सैनिक द्यायची पालकांची इच्छा उरली नव्हती. कारखान्यात साचे होते, ओतारी होते, रंगारी बाया होत्या; विकायचे काय हा प्रश्न होता. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर निघाले: शेत. शेतकरी, त्याची बायको, गवळण, मेंढपाळ, गाई, डुकरे, घोडागाडी, कुंपणाची झुडपे, फाटके. सगळे अर्थातच सैनिकांच्याच मापात, कारण नवे माप काढायचे तर सगळी मांडामांड बदलावी लागली असती. शेतकऱ्याने सैनिकाची उंची घेतली ती अशी.

त्या संचाबद्दल एक आख्यायिका सांगतात. प्रदर्शनात राजघराण्यातले पाहुणे आले, त्यांनी मांडलेले खेडे पाहिले आणि म्हणाले, सगळे आहे, फक्त गावचा वेडा तेवढा नाही. मग तोही ओतला गेला. कथा खरी असो वा नसो, ती मूर्ती खरी आहे आणि आज संग्राहक तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. मला त्या कथेत दुसरेच दिसते: तोवर ते शेत म्हणजे शहरातल्या माणसाच्या मनातले खेडे होते. कर्ज नाही, चिखल नाही, आजारी जनावर नाही. हा स्वभाव छंदाने अजून पुरता टाकलेला नाही.

१९४८ साली याच कारखान्याने फोर्डसन मेजर ट्रॅक्टर काढला, आणि इथून खेळाचा केंद्रबिंदू सरकला. आधी शेत मांडले जाई आणि त्यात ट्रॅक्टर ठेवला जाई. पुढे ट्रॅक्टर विकत घेतला जाऊ लागला आणि त्याला उभे करायला शेत हवे म्हणून चार कुंपणे येऊ लागली. १९६६च्या सुमारास शिसे बंद होऊन प्लास्टिक आले. जनावरे स्वस्त झाली, पण त्यांच्यातला जीव गेला असे जुने लोक म्हणतात. मी त्या जुन्या लोकांच्या बाजूचा. शिशाची गाय हातात घेतली की तिचे वजन कळते; प्लास्टिकची पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा आडवी होते.

अमेरिकेची वाट निराळी. १९४५ साली आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी काम सुटलेल्या एका ओताऱ्याने घराच्या तळघरातल्या भट्टीत युद्धातून उरलेल्या विमानांचे अॅल्युमिनियमचे भाग वितळवून ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. पुढे खऱ्या ट्रॅक्टरचे कारखानेच त्याच्याकडून आपल्या यंत्रांच्या प्रतिकृती करून घेऊ लागले आणि त्या ट्रॅक्टरच्या दुकानातच विकायला ठेवू लागले. बाप ट्रॅक्टर बघायला गेला की पोरगा छोटा घेऊन परतणार, ही जाहिरात कुठल्याही फलकापेक्षा भारी. हे ट्रॅक्टर १:१६ मापाचे. जवळच्याच डायर्सव्हिल गावात १९७८पासून शेतीच्या खेळण्यांचे मोठे प्रदर्शन भरू लागले आणि १९८६ साली संग्रहालयही उभे राहिले.

पण १:१६चे शेत मांडायचे कुठे? अमेरिकेत १६० एकरांचा तुकडा म्हणजे अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद. १:१६मध्ये त्याची एक बाजू १६५ फूट होते. १:६४ केले तरी ४१ फूट, पण त्यातला निवडक कोपरा निदान दिवाणखान्यात मावतो. म्हणून तिकडे कपाटात १:१६ आणि टेबलावर १:६४ अशी फाळणी झाली. ब्रिटन-आयर्लंडमध्ये आणि जर्मन कारखान्यांत १:३२ टिकले, कपाटालाही आणि टेबलालाही.

आता आपला प्रश्न. इथले बहुतेक हौशी लोक यूट्यूबवर अमेरिकी मांडणी बघून १:६४कडे ओढले जातात: जागा कमी लागते, गाड्या स्वस्त मिळतात. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण भावनिक नाही, हिशेबी आहे. आपण जमीन एकरात सांगतो पण मोजतो गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट; मोजणीची जुनी साखळी तेवढीच असे. ३३ला ३२ने भागा. एक फूट आणि वर पाव-अर्धा इंच. म्हणजे १:३२मध्ये एक गुंठा म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक चौरस फूट! आठ बाय चार फुटांची प्लायवुडची फळी घेतली की तीस गुंठे जमीन आपल्या नावावर. बांध कुठे घालायचा, भाऊबंदाची पट्टी किती, विहिरीतला हिस्सा कुणाचा, हे सगळे फूटपट्टीने सरळ उतरते. सातबाऱ्यावरच्या आकड्याचे गुंठे करा आणि तेवढे चौरस फूट आखा, झाले. लंडनमधल्या त्या ओताऱ्यांच्या स्वप्नातही हे आले नसेल.

१:६४मध्ये तीच फळी तीन एकर होते, हे मान्य. पण त्या तीन एकरांत दिसते काय? बारा फूट वाढलेला ऊस १:३२मध्ये साडेचार इंच उभा राहतो, त्याच्या सरीत बोट घालता येते. १:६४मध्ये तो सव्वादोन इंचांचा होतो आणि ऊस आहे की गवत हे बघणाऱ्याला सांगावे लागते. माणूस २७ मिलिमीटरचा. त्याच्या डोक्याला फेटा बांधून दाखवा. अमेरिकी शेतात माणूस दिसलाच पाहिजे असे नाही, कंबाइनच्या काचेआड तो लपला तरी चालतो. आपल्या शेतातून माणसे वजा केली तर उरते काय?

१:३२चे तोटेही आहेत. सगळ्यात मोठा विहिरीचा. चोवीस फूट रुंद आणि पन्नास फूट खोल विहीर १:३२मध्ये नऊ इंच रुंद आणि दीड फुटाहून जास्त खोल येते. ती टेबलाच्या जाडीत बसत नाही. माझ्या विहिरीसाठी मी फळीला भोक पाडून खाली रंगाच्या दोन बादल्या, वरचीचा तळ कापून, एकाखाली एक अडकवल्या. आतून दगडी बांधकाम रंगवले, पायऱ्या काढल्या, आणि आता घरी येणारा प्रत्येक जण शेत सोडून आधी टेबलाखाली वाकून बघतो.

मातीचा घोळ तसाच. खरी काळी माती आणून पसरली की ती खोटी वाटते, कारण एक मिलिमीटरचा खडा त्या मापात सव्वातीन सेंटिमीटरचे ढेकूळ होतो. ती वाळवून, कुटून, सुती फडक्यातून चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यावर बसवावी लागते. पिकासाठी काथ्याचे पायपुसणे कापून लावायची युक्ती परदेशातल्या हौशी मंडळींत रूढ आहे. गव्हाच्या खोडक्यांचा आभास त्यातून झकास येतो.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत घडामोडी भराभर झाल्या. लंडनचा तो कारखाना १९८४पासून हातोहात विकला गेला: आधी एका ब्रिटिश उद्योगसमूहाला, १९९७ साली आयोवातल्या ट्रॅक्टरवाल्यांना, आणि २०११पासून शेतीची खेळणी एका जपानी मालकाकडे आहेत. मधल्या काळात, २००५ साली, सैनिकांचा धंदा तोडून वेगळा विकला. ज्यांच्या उंचीवरून शेताचे माप ठरले ते सैनिक घर सोडून गेले आणि शेत मागे राहिले. २००८ साली संगणकावर शेती करण्याचा खेळ आला आणि त्यातून एक अख्खी पिढी उलट्या दिशेने टेबलाकडे वळली: पडद्यावर नांगरून कंटाळा आला, आता हाताने करू. याच काळात रिमोटवर चालणारे १:३२चे ट्रॅक्टर आले आणि त्रिमितीय छपाईही आली. पूर्वी जो सुटा भाग नाही म्हणून रडायचो तो आता रात्रीतून छापून मिळतो.

महाराष्ट्रात या छंदाला स्वतःचे पूर्वज आहेत, फक्त त्यांनी माप कधी मानले नाही. नागपूरला तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल फिरवतात, ती चाल भोसल्यांच्या काळापासूनची, १८०६ची सांगतात. रुखवतात शेत, विहीर, बैलगाडी मांडतात. दिवाळीच्या किल्ल्याखाली अळीव पेरून हिरवी शेते उगवतात, आणि त्या शेतात उभा असलेला मावळा किल्ल्याच्या दरवाजात मावत नाही. महाराज तर बुरुजापेक्षा मोठे. त्याला चूक म्हणणे मला जड जाते. तिथे उंची मानाने ठरते, फुटांनी नाही.

खरी अडचण भाषेची आहे. इंग्रजी ‘फार्म’मध्ये जमीन, घर, गोठा, कोठार, अंगण, गुरे सगळे येते. आपले ‘शेत’ म्हणजे नुसती जमीन. घर गावात. विहिरीच्या पाण्यावरची बागायत असेल तर ‘मळा’, राहायला गेले तर ‘वस्ती’, कोकणात ‘वाडी’. परदेशी मांडणीची नक्कल करून शेताच्या मधोमध दुमजली घर आणि लाल कोठार उभे करणारे लोक आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो की चावडीवर चालत जायला किती वेळ लागतो. ‘फार्म लेआउट’ला मराठीत काय म्हणावे यावर मग चर्चा रंगते. ‘शिवार’ म्हणावे असे माझे मत, पण ते अजून कुणी उचललेले नाही.

इकडे ऊसपट्ट्यातल्या पोरांनी कुणाला न विचारता आपली वाट काढली आहे. पीव्हीसी पाइप, फोमशीट, जुन्या खेळण्यांच्या मोटारी यांतून ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या बनवायच्या, नंबर प्लेटीवर गावाचे नाव, मागे दोन ओळींची शायरी, आणि ओल्या रानात ट्रॉली फसली की दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायची. माप विचाराल तर हसतात. टायर जेवढे मिळाले तेवढा ट्रॅक्टर. परदेशी संग्राहकांनी शंभर वर्षांत जे केले नाही ते या पोरांनी केले: चिखल आणला.

माझ्यासारख्या मापाच्या हट्टी माणसाचे मात्र बैलापाशी अडते. इंग्रजी जुन्या मॅसी १३५ ट्रॅक्टरचा साचा मिळाला तर आपल्याकडच्या मॅसी १०३५च्या तोंडवळ्याला जवळ जातो, रंगरंगोटीत भागते. पण १:३२मध्ये मला दुकानात मिळतात त्या सगळ्या गाई युरोपी: सपाट पाठ, आखूड शिंगे. खिल्लार त्यातून काढायचा तर वशिंड एम-सीलचे चढवावे लागते, ते सुकायच्या आत ओल्या बोटाने मागे किंचित कलते करावे लागते, गळ्याखालची पोळी वेगळी थापावी लागते. शिंगांसाठी मी सेफ्टीपिनची तार वापरतो, मुळाशी जाड दिसावी म्हणून दोन पदरी. पहिल्या जोडीत डाव्या बैलाचे वशिंड जरा पुढे आले. तो अजून मोटेच्या धावेवर उभा आहे, उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर उंच, म्हणजे खऱ्या मापात सहा सेंटिमीटर.