जास्त ओहम म्हणजे भारी हेडफोन? नाही हो!
नाशकात घरच्या घरी मिक्सिंग (गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) करणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का बसलाय, ओहम (हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप) जितके जास्त तितका हेडफोन चांगला. असं अजिबात नाहीये. ओहम आवाजाचा दर्जा सांगत नाही, २५० ओहमवाल्याला जास्त व्होल्टेज लागतं एवढंच, म्हणून तो थेट मोबाईलला लावला की बऱ्याचदा आवाज दबका येतो आणि मग वर अँपचा (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरचा) खर्च. सोनीचा एमडीआर-७५०६ बघा, ६३ ओहम, १९९१ पासून स्टुडिओत चालतोय. घेताना आपल्या नाशिक ढोलाचा ट्रॅक लावून ऐका, टिपरूचा कडक आवाज आणि थापीचा घुमारा वेगवेगळा कळतो का, बेस उगाच फुगवलेला नाही ना (हे सगळ्यात महत्त्वाचं), कारण फुगलेला बेस ऐकून तुम्ही तो मिक्समध्ये कमी करता आणि तोच ढोल गाडीत पोकळ वाजतो.