कवितेने जपलेले देव: आइसलँडमधल्या पेगन धर्माची पार्श्वभूमी

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. त्यातल्या पाच हजारांहून अधिक लोकांनी सरकारदरबारी आपला धर्म ‘आसात्रू’ असा नोंदवला आहे. ओडिन, थॉर, फ्रेया या उत्तर युरोपातल्या जुन्या दैवतांना मानणारा हा पंथ. आपल्याकडे थॉर म्हटलं की हातोडा फिरवणारा सिनेमातला नायक डोळ्यांपुढे येतो. तिथे या दैवतांच्या साक्षीने लग्नं लागतात, मुलांची नावं ठेवली जातात, गेलेल्यांना निरोप दिला जातो. ही पूजा हजार वर्षं अखंड चालत आली, असा दावा त्या मंडळींचाही नाही. पूजा तुटली होती, पण दैवतांवरची कविता टिकली. आज पेगन असणं, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीची दैवतं मानणं, म्हणजे काय, याचं आइसलँडमधलं उत्तर मला इतर कुठल्याही उत्तरापेक्षा प्रामाणिक वाटतं, ते याच कारणाने.

ही पूजा तुटली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. इसवी सन १००० च्या सुमारास नॉर्वेचा राजा ओलाफ ट्रिग्वासन आइसलँडवर ख्रिस्ती होण्यासाठी दबाव आणत होता. तिथल्या बड्या घरांतली मुलं त्याने ओलीस धरली होती. उन्हाळ्यात थिंगवेत्लिरच्या मैदानावर ‘आल्थिंग’ ही लोकसभा भरली, तेव्हा ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे असे दोन तट पडले आणि एकमेकांचे कायदे मानणार नाही, असं दोघांनीही जाहीर केलं. निवाडा सोपवला गेला थोरगेर या कायदेप्रमुखाकडे, आणि तो स्वतः जुन्या धर्माचा होता. आरी थोरगिल्सन या इतिहासकाराने बाराव्या शतकात लिहून ठेवलंय, की थोरगेर अंगावर पांघरूण ओढून तो सगळा दिवस आणि रात्र कुणाशी न बोलता पडून राहिला. सकाळी उठून त्याने सांगितलं: कायदा फाटला तर शांतताही फाटेल, म्हणून सगळ्यांचा कायदा एक आणि धर्मही एक.

सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा असं ठरलं. पण घोड्याचं मांस खाण्याची आणि नको असलेलं तान्हं मूल उघड्यावर सोडण्याची जुनी मुभा कायम राहिली. जुन्या देवांना नैवेद्य गुपचूप दाखवायला हरकत नव्हती, साक्षीदार सापडला तरच शिक्षा. काही वर्षांत या सवलतीही गेल्या. तरी धर्मांतर तलवारीने न होता तडजोडीने झालं, याचा एक फायदा पुढे दिसला. जुन्या देवांचं नाव काढायची भीती तिथे फारशी मुरली नाही.

म्हणूनच १२२० च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसन हा ख्रिस्ती सरदार निर्धास्तपणे ‘एड्डा’ लिहू शकला. हे पुस्तक म्हणजे होतकरू कवींसाठी तयार केलेला पाठ. जुनी नॉर्डिक कविता आडवळणाने बोलते: सोनं म्हणायचं नाही, ‘फ्रेयाचे अश्रू’ म्हणायचं किंवा ‘सिफचे केस’. फ्रेया आपल्या हरवलेल्या नवऱ्यासाठी सोन्याचे अश्रू ढाळते आणि थॉरच्या बायकोचे, सिफचे, केस लोकी या खोडकर देवाने कापल्यावर बुटक्यांनी तिला सोन्याचे घडवून दिले, या कथा ठाऊक नसतील तर ओळीचा अर्थच लागत नाही. कविता वाचवायची तर देवांच्या कथा सांगणं भाग होतं, आणि स्नोरीने त्या मन लावून सांगितल्या. त्याच शतकात, १२७० च्या सुमारास, कुणा अनाम लेखनिकाने वासराच्या कातड्यावर जुनी दैवतकाव्यं आणि वीरकाव्यं उतरवून काढली. ‘कोडेक्स रेजियस’ नावाच्या या छोट्याशा पोथीची ४५ पानं आज शिल्लक आहेत, मधली काही गहाळ आहेत. आज नॉर्डिक पुराणकथा म्हणून जगभर जे सांगितलं जातं, त्याचा फार मोठा भाग या दोन पुस्तकांतून आलेला आहे, आणि दोन्ही ख्रिस्ती काळातली आहेत.

सामान्य घरांत ही कविता जिवंत राहिली ती हिवाळ्याच्या रात्रींमुळे. एकजण सागा, म्हणजे जुन्या गद्य वीरकथा, वाचायचा किंवा ‘रीमूर’ नावाची लांबलचक कथाकाव्यं विशिष्ट चालीवर म्हणायचा आणि बाकीचे लोकर पिंजत, कातत ऐकायचे. चातुर्मासात आपल्याकडे माजघरात ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावायचे, तसंच हे. ऐकणारे सगळे लूथरपंथी ख्रिस्ती, पण यमक, अनुप्रास आणि आडवळणाच्या उपमा त्याच जुन्या.

या परंपरेत वाढलेला स्वेनब्योर्न बेन्टेन्सन (१९२४–१९९३) हा मेंढपाळ शेतकरी रीमूर म्हणण्यात वाकबगार होता आणि त्यातल्या छंदांवर त्याने पुस्तकही लिहिलं होतं. १९७१ च्या एप्रिलमध्ये कोडेक्स रेजियस तीन शतकांनी डेन्मार्कहून युद्धनौकेने परत आली, तेव्हा राजधानी रेक्याविकच्या बंदरावर गर्दी उसळली होती. वर्षभराने, एप्रिल १९७२ मध्ये, तिथल्या पंचांगातल्या ‘उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी’, स्वेनब्योर्न आणि मोजक्या सोबत्यांनी आसात्रू संघ स्थापन केला. पोथी परत येणं आणि संघ उभा राहणं यांत थेट कार्यकारणभाव होता असं मी म्हणणार नाही, पण हवा एकच होती.

सरकारी मान्यतेला बिशप सिगुरब्योर्न एनार्सन यांनी विरोध केला. राज्यघटना ‘देवाची’ उपासना करण्याचं स्वातंत्र्य देते, तिथे एकवचन आहे, असा त्यांचा एक मुद्दा होता. नाझी जर्मनीत जुन्या देवांचं काय झालं, याचीही आठवण त्यांनी करून दिली. स्वेनब्योर्न मंत्र्यांना भेटून आला आणि पाठोपाठ विजांचा कडकडाट होऊन शहरातली बत्ती गेली, हा किस्सा तिथे अजून सांगतात. १९७३ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे लग्न लावण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला आणि धार्मिक संस्थांसाठीच्या सरकारी रकमेत वाटाही. त्याच ऑगस्टमध्ये स्वेनब्योर्नच्या शेतावर भर पावसात पहिलं जाहीर ‘ब्लोट’ झालं.

ब्लोट म्हणजे पूर्वी पशुबळी. आजच्या ब्लोटमध्ये बळी नसतो. पुरोहित, म्हणजे ‘गोदी’, जागा पवित्र करतो आणि एड्डामधल्या ओळी म्हणतो. मग पेयाने भरलेलं शिंग हातोहात फिरतं. ज्याच्या हाती येईल त्याने देवांचं, पूर्वजांचं किंवा त्या भूमीच्या रक्षक शक्तींचं नाव घेऊन घोट घ्यायचा. नंतर पंगत. श्रद्धेची प्रतिज्ञा नाही, धर्मप्रसार नाही. २००३ पासून प्रमुख गोदी असलेले संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सन तर उघडपणे सांगत आले आहेत, की आठ पायांच्या घोड्यावरून फिरणाऱ्या एकाक्ष माणसावर, म्हणजे ओडिनवर, कुणी शब्दशः विश्वास ठेवत असेल असं त्यांना वाटत नाही. या कथा म्हणजे निसर्गाच्या आणि माणसाच्या मनातल्या शक्तींची काव्यरूपं. काहींना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. जी परंपरा कवितेतून हाती आली तिला कविता म्हणूनच मानणं, यात पूर्वजांचा पूर्ण मान राखला जातो.

बिशपांची नाझींबद्दलची धास्ती मात्र निराधार नव्हती. व्हिएन्नाच्या गुइडो फॉन लिस्टने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन अक्षरांना वंशशुद्धीच्या गूढविद्येत गोवलं आणि तीच वळणं पुढे एसएस या नाझी दलाच्या गणवेशावर चढली. युद्धानंतरही हा विचार मेला नाही. अमेरिकेत ‘आसात्रू फोक असेंब्ली’ने हा धर्म उत्तर युरोपीय रक्ताच्या लोकांचाच, अशी भूमिका घेतली. तिच्याविरुद्ध २०१६ मध्ये अनेक देशांतल्या हीदन, म्हणजे हीच जुनी दैवतं मानणाऱ्या, संघटना ‘डिक्लरेशन १२७’ या निवेदनावर एकत्र आल्या. हा आकडा ‘हावामाल’ या काव्यातल्या कडव्याचा आहे: दुष्टपणा दिसला तर तो दुष्टपणा आहे असं बोलून दाखव, असं ते कडवं सांगतं. आजच्या हीदन माणसाला देवांवर बोलण्याआधी अनेकदा हाच खुलासा करावा लागतो, आणि तो टाळणाऱ्यांनी आपल्या सगळ्या सहधर्मीयांचं नुकसान केलं आहे.

आइसलँडच्या संघाने सदस्यत्वाला वंशाची अट कधी घातली नाही. तो समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतो. रेक्याविकमधल्या ओस्क्यूह्लीद टेकडीवर तो स्वतःचं ‘होफ’, म्हणजे मंदिर, बांधायला निघाला. मार्च २०१५ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी जागेचा विधी झाला. ही बातमी जगभर पोचली आणि परदेशातल्या कडव्या मंडळींनी समलिंगी विवाहांवरून संघाला शिवीगाळ करणारी पत्रं धाडली. संघाने आपला रिवाज बदलला नाही. मंदिराचं काम पैशांपायी आणि कातळापायी बराच काळ रखडलं. ब्लोट मात्र ठरल्या तिथीला होत राहिली: थंडीतल्या सर्वांत लांब रात्रीला, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, आणि जूनमध्ये थिंगवेत्लिरवर, जिथे थोरगेरने निवाडा दिला होता त्याच मैदानात.