हिमतलीय जल व हिमनदीची गती

हिमनदीचा बर्फ आणि त्याखालील खडक यांच्या दरम्यान साठणाऱ्या किंवा वाहणाऱ्या पाण्यास हिमतलीय जल म्हणतात. उन्हाळ्यात वितळलेले व पावसाचे पाणी भेगांतून आणि उभ्या विवरांतून तळापर्यंत उतरते. भूगर्भीय उष्णता व घर्षण यांमुळे त्यात थोडी भर पडते. हिमनदीची गती या पाण्याच्या राशीपेक्षा त्याच्या दाबावर अवलंबून असते. ५०० मी. जाडीच्या बर्फाचा भार सुमारे ४६० मी. उंच जलस्तंभाएवढा भरतो आणि पाण्याचा दाब या मर्यादेच्या जवळ पोहोचला की बर्फाची तळावरील पकड सैल होऊन सरकण्याचा वेग वाढतो.

हिमनदी तळावरून घसरते, ही कल्पना सामान्यतः स्विस निसर्गवैज्ञानिक सोस्यूर यांच्या नावे सांगितली जाते (अठराव्या शतकाचा उत्तरार्ध). तथापि आल्टमान व ग्रूनर यांच्या लेखनात ती त्यापूर्वीच आढळत असल्याने सोस्यूर यांना तिचे जनक न म्हणता पुरस्कर्ते म्हणणे अधिक योग्य ठरेल. १८४२ च्या सुमारास फोर्ब्झ यांनी मेर द ग्लास या आल्प्समधील हिमनदीवर मोजमापे घेतली व उष्ण हवामानात गती वाढते, असे नोंदविले. मात्र त्यांचा कल बर्फ घट्ट द्रवाप्रमाणे वाहतो या मताकडे होता. १९५७ मध्ये वीर्टमन यांनी मांडलेल्या घसरणीच्या सिद्धांतात तळाशी पाण्याचा केवळ पातळ पापुद्रा गृहीत धरला होता. उलट, खडकाच्या उंचवट्यांच्या उताराकडील बाजूस पाण्याने भरलेल्या पोकळ्या निर्माण होतात व त्यांतील दाबच निर्णायक असतो, असे लिबूत्री यांचे प्रतिपादन होते. स्वित्झर्लंडमधील फिंडेलन हिमनदीत छिद्रे पाडून इकेन व बिंडशाडलर यांनी मोजलेला जलदाब आणि पृष्ठभागाची गती यांचा संबंध (१९८६) लिबूत्री यांच्या मताला अधिक पोषक आहे.

पाणी वाढले की गती वाढतेच, असे मात्र नाही. रॉथलिसबर्गर यांनी १९७२ मध्ये दाखविल्यानुसार वाहत्या पाण्याच्या उष्णतेने बर्फात बोगदे कोरले जातात आणि स्थिर प्रवाहात बोगदा जितका मोठा तितका त्यातील दाब कमी असतो. मुंबईत भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाल्यास पर्जन्यजलवाहिन्या तुंबतात, तशीच अवस्था बोगदे पुरेसे रुंदावण्यापूर्वी एकाएकी पाणी लोटल्यास तळाशी होते. गतीतील उसळी बहुधा अशाच वेळी दिसते. अलास्कातील व्हेरिगेटेड हिमनदीच्या १९८२–८३ मधील उसळीत वेग दिवसाला सुमारे ६५ मीटरपर्यंत पोहोचला होता. उसळी चालू असताना पाण्याचा प्रवास तपासण्यासाठी त्यात सोडलेला रंग अतिशय सावकाश आणि पसरट होऊन बाहेर आला, ती ओसरल्यावर तो झपाट्याने आला. जुलै १९८३ च्या आरंभी गढूळ पाण्याचा लोंढा बाहेर पडताच हिमनदी मंदावली. यावरून कॅम्ब यांनी अरुंद वाटांनी जोडलेल्या पोकळ्यांची उपपत्ती मांडली. मऊ गाळावर विसावलेल्या हिमनद्यांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

ग्रीनलंडमध्ये उन्हाळी वितळीमुळे हिमस्तराची गती वाढते, असे २००२ मध्ये निदर्शनास आले. परंतु नैर्ऋत्येकडील, जमिनीवर संपणाऱ्या भागात वितळ वाढूनही वार्षिक गती घटल्याचे पुढील निरीक्षणांत आढळले. हिमालयातील बहुतेक मोजमापे उपग्रहांवर आधारलेली असून तेथील अनेक हिमनद्यांची २००० नंतरची मंदगती मुख्यतः बर्फ पातळ झाल्याने उद्भवली असावी, असे मानले जाते.